डोक्यावरचे थापटणे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)





पंचेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा एका वर्गात बसलो आहोत. सकाळी सरांनी जुन्या क्रमाने हजेरी घेतली. आधी सगळे हसत होते. मग एका नावाला उत्तर आले नाही. थोड्या वेळाने आणखी एका नावाला आले नाही. अशी सात नावे झाली. त्यानंतर हसणे आपोआप थांबले, आणि जे 'हजर' म्हणाले ते जरा जपून म्हणाले.

संयोजकांनी मला 'आध्यात्मिक अनुभव' असा विषय दिला आहे. कारण विचारले तर म्हणाले, "तू वारी करतोस ना, मग तूच बोल." वारी करणाऱ्याला अध्यात्म कळते असे समजणे म्हणजे एसटीने रोज इंदापूरला जाणाऱ्याला इंजिन दुरुस्त करता येते असे समजण्यासारखे आहे. पण वर्गमित्रांचा आग्रह मोडवत नाही. म्हणून विषयात थोडा बदल करून घेतला आहे. अनुभव कसा येतो, यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. अनुभव आल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय, एवढ्यावरच बोलतो.

हे बोलण्याची गरज वाटली, कारण आपल्यातले निम्मे लोक आता कोणत्या ना कोणत्या वाटेवर आहेत. कोणी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यनेचे शिबिर करून आले. कोणी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. कोणी माळ घातली. कोणी यातले काहीच मानत नाहीत, पण आजारपणातून उठल्यावर जगाकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. साठीच्या आसपास प्रत्येकाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येऊन जातो. दवाखान्याच्या खाटेवर येतो, स्मशानातून परतताना येतो, किंवा काही कारण नसताना पहाटे शेतात पाणी देताना येतो. आपण आयुष्यभर ज्याला 'मी, मी' म्हणत होतो तो एवढासाच आहे, हे एकदम दिसते. मन मोकळे होते. याला जागृती म्हणा, साक्षात्कार म्हणा किंवा नुसती समज म्हणा. ती खरी असते, असे मी धरून चालतो.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. 'मी एवढासाच आहे हे मला कळले' या वाक्यात दुसरा एक 'मी' गुपचूप येऊन बसतो. 'मला कळले, यांना अजून कळायचे आहे.' पैशाचा माज लोकांना दिसतो आणि ते निदान पाठीमागे तरी बोलतात. हा माज धुतलेल्या कपड्यांत फिरतो, सावकाश बोलतो, आणि लोक त्याच्या पाया पडतात. मग त्याला सांगणार कोण?

आपल्या संतांच्या घरात हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी येऊन गेलेला आहे. गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण या वयात ती वेगळी ऐकू येते, म्हणून पुन्हा सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. तिथे गोरोबाकाका कुंभार राहत. त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव. नामदेव म्हणजे विठ्ठलाचा लाडका. देव त्यांच्या हातून जेवतो, त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती. कोपऱ्यात कुंभाराचे थापटणे पडले होते. मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आमची मडकी बघा की. गोरोबांनी उठून एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली आणि ते चिडले. ही काय पाहुण्यांना वागवण्याची रीत झाली? गोरोबांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे.

आता पुढचा भाग बघा. नामदेव रागावून पंढरपूरला आले आणि त्यांनी थेट विठ्ठलाकडे तक्रार केली. विठ्ठलाने कुंभाराची बाजू घेतली! ज्या देवाच्या ओळखीवर नामदेव मोठे होते, त्याच देवाने सांगितले की गोरोबांचे बरोबर आहे, तुला अजून गुरू हवा, विसोबा खेचरांकडे जा. नामदेव औंढ्या नागनाथाला गेले, तर हा गुरू महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो, जिथे पिंड नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला गेले तिथे पिंड दिसू लागली. पंढरपूरच्या गाभाऱ्यात दिसलेला देव सगळीकडेच आहे, हे तेव्हा त्यांना उमगले.

मी ही गोष्ट लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा मला गोरोबांचे कौतुक वाटायचे. आता नामदेवांचे जास्त वाटते. त्यांचा अनुभव खोटा होता असे गोष्टीत कोणीही म्हणत नाही. देव त्यांच्याशी बोलत होता हे सगळ्यांना मान्य आहे. तरीही मडके कच्चे होते. म्हणजे अनुभव खरा असूनही माणूस कच्चा असू शकतो. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यांत मोलाची शिकवण हीच आहे. आणि नामदेव चिडले, पण थांबले नाहीत. निकाल कडू होता, तरी तो घेऊन औंढ्यापर्यंत चालत गेले.

त्यांचे पुढचे आयुष्य बघा. विसोबांच्या भेटीनंतर हा माणूस पंढरपूरच्या सीमेत मावला नाही. पंजाबात गेला. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला आजही त्यांचे स्थान आहे, २०१५ साली आपले मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या लोकांमध्ये त्यांना आपला देव सापडला. आणि १३५० साली देह ठेवला तो कुठे? विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात, पायरीखाली. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. ज्याला डोक्यावर एक थापटणे सहन झाले नव्हते, त्याने पुढे लाखो पाय अंगावर घेतले. नामदेव पायरीवर डोके टेकवताना मला दर वेळी हे आठवते.

थापटणेच का, याचाही विचार करून पाहा. आपल्या बारामतीच्या बाजारात उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो की आपण काय करतो? टिचकी मारतो. कच्चा माठ आणि पक्का माठ मांडणीवर सारखेच दिसतात. रंग सारखा, आकार सारखा. फरक कळतो तो आवाजावरून. पक्क्याचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा बद्द येतो. आणि माठाला स्वतःला टिचकी मारता येत नाही. ती दुसऱ्याच्याच बोटाने बसावी लागते.

दुसरी गोष्ट चांगदेवांची. मोठे योगी, शिष्यांचा मेळा घेऊन फिरणारे. त्यांचे वय चौदाशे वर्षांचे सांगतात. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. वयाने हे लहान, तेव्हा चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने मोठे. शेवटी कोरा कागदच पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाल्या, एवढी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईंनाच. हसणाऱ्या त्या लहान मुलीला!

दोन्ही गोष्टींत मुक्ताबाई आहेत. एका सिद्धाला 'कच्चा' हा शब्द ऐकावा लागला, दुसऱ्याला 'कोरा'. आणि तो ऐकवणारे कोण, तर एक मातीत हात असलेला कुंभार आणि एक घरातली धाकटी पोर. त्यावेळच्या समाजात ज्यांचे कोणी ऐकत नव्हते असे हे दोघे. यावरून मी एक खूणगाठ बांधली आहे. आपली परीक्षा आपल्या बरोबरीच्या विद्वानांकडून होत नाही. ज्यांच्यासमोर आपल्याला मोठेपणा मिरवायचा नसतो, तेच आपल्याला नीट ओळखून असतात.

आपल्या कऱ्हेकाठी मोरोपंत राहिले. पराडकर पंत, १७२९ साली जन्म पन्हाळ्याचा, आयुष्य गेले बारामतीत. आख्खे महाभारत आर्येत उतरवणारा पंडित. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या माणसाने 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर जसा मेघाला हाक मारतो तशी मी देवाला मारतो, एवढीच त्यात भूमिका. विद्येचा कुठेही तोरा नाही. स्वतःचे उणेपण मान्य करून देवाची करुणा मागितली आहे आणि सज्जनांची संगत मागितली आहे. शाळेत आपण त्यांना अवघड समासांचे कवी म्हणून घाबरायचो. त्या समासांच्या आड किती नम्र माणूस बसला होता, ते कळायला पन्नाशी उलटावी लागली.

तिसरे उदाहरण आपल्या रस्त्याने दरवर्षी जाणाऱ्या तुकोबांचे. जागृतीनंतर तुकोबांनी काय केले? घरी महाजनकी होती. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते होती. १६३० च्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. त्यातून विरक्ती आली आणि त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे सांगतो. पण त्यातला एक तपशील आपण गाळतो. बुडवण्याआधी त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हातात दिली आणि आपल्या वाट्याचीच तेवढी पाण्यात टाकली.

मला हे फार मोठे वाटते. साक्षात्कार तुकोबांना झाला होता, कान्होबाला नव्हे. म्हणून त्याची किंमत कान्होबाने का मोजावी? भावाला त्यांनी उपदेश केला नाही, 'तूही बुडव' म्हणून गळ घातली नाही. आज आपल्या आसपास बघा. एकाला जागृती होते आणि सगळ्या घराला पहाटे चारला उठावे लागते. एक जण कांदा-लसूण सोडतो आणि स्वयंपाक करणारीला दोन वेगळ्या भाज्या कराव्या लागतात. आपले वैराग्य आपल्याच वाटणीतून करायचे असते, हे तुकोबांनी त्या नदीकाठी दाखवून दिले. आणि पुढे लोक पाया पडू लागले तेव्हाही आपल्या अभंगांतून ते स्वतःच्याच मनाची झाडाझडती घेत राहिले.

म्हणूनच वारीत नम्रता शिकवली जात नाही, ती करूनच घेतली जाते. पाटसहून पालखी उंडवडीमार्गे बारामतीत येते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, मग बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेत पादुकांचे स्नान. हे सगळे आपण लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले आहे. आत शिरल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, तिथे सगळ्यांचे नाव एकच, माउली. तुम्ही तहसीलदार असा की ऊसतोड मजूर, पाणी मागताना माउली आणि वाट मागताना माउली. दुसरी, तुम्ही कोणाच्या पाया पडलात की तोही लगेच तुमच्या पाया पडतो. वय पाहत नाही, जात पाहत नाही. वर राहायची सोयच ठेवलेली नाही. बेलवाडीच्या रिंगणात घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ज्या जागेवर घोड्याच्या पायाची मातीसुद्धा कपाळी जाते, तिथे आपल्या डोक्याची किंमत किती?

अर्थात वारी अठरा-एकोणीस दिवसांची. राहिलेल्या दिवसांत काय?

आपल्यातल्याच एका मित्राची हकीकत सांगतो. त्याला विचारून सांगतो आहे, नाव घेत नाही. हृदयाच्या मोठ्या आजारातून तो वाचला. नंतर ध्यानाला बसू लागला. त्याला खरोखर काही गवसले, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचे. तो मला म्हणायचा, "आता मला राग येत नाही." एकदा जेवताना त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा राग गेलेला नाही. पूर्वी तुम्ही ओरडायचात, आता गप्प होता. आम्हाला पूर्वीचं बरं होतं, निदान कशानं रागावलात ते तरी कळायचं." तो ताटावरून उठला नाही. जेवण झाल्यावर तिला म्हणाला, "परत असं झालं की तेव्हाच सांगत जा." ती सांगते, आणि तो ऐकतो. त्याचे ध्यान चालू आहे. पण त्याच्या घरात आता एक थापटणेही आहे. तो आज इथे बसला आहे आणि हसतो आहे, यावरून मडके कुठवर भाजले ते तुम्हीच ठरवा.

संयोजकांना दिलेला शब्द म्हणून माझेही थोडके सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. पुढच्या आषाढात मी पहिल्यांदा बारामतीपासून पंढरपूरपर्यंत चाललो. सणसर सोडल्यानंतर पहाटे, टाळ नुकते सुरू झाले होते, तेव्हा मनातला कोलाहल एकदम थांबला. ती गेली आहे आणि तरीही काही हरवलेले नाही, असे वाटले. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगूही नये असे वाटते. बोलून बोलून अशा गोष्टी झिजतात.

घरी आलो. माझी आई पंच्याऐंशीची आहे. माझ्याकडे बघून तिच्या लक्षात आले. तिने काही विचारले नाही. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुझं मन थाऱ्यावर आलंय, बरं झालं. आता तिच्या आईकडं जाऊन ये. तिला कुठं चालायला जमतंय वारीला?"

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात. गेलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. "या जावईबापू," म्हणाल्या, "जेवलात का?" मी वारीचे काही बोललो नाही. त्या लेकीच्या लहानपणाचे सांगत राहिल्या, मी ऐकत राहिलो. विहिरीवर कशी जायची, सायकल शिकताना कुठे पडली. संध्याकाळ झाली. निघताना त्या म्हणाल्या, "आज लई दिसांनी तिचं नाव मोकळेपणानं घेतलं. घरात कुणी काढू देत नाही, मी रडते म्हणून." आता दर महिन्याला एक फेरी होते. सणसरच्या पहाटे मला जे मिळाले ते कशासाठी होते, हे मला त्या ओसरीवर कळले. मला आधी ते माझ्यासाठी वाटले होते. आईने त्याचा पत्ता सांगितला.

मित्रांनो, माझ्या अल्पमतीप्रमाणे जागृतीनंतरची ओळख एवढ्याच साध्या गोष्टींवरून पटते. आपल्या घरची माणसे आपल्याशी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलतात का? आपल्याला कोणी 'चुकतोस' म्हटले तर ते म्हणायला तो घाबरतो का? आपण जे सोडले त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडला का? आणि आपल्याला जी शांती मिळाली ती घेऊन आपण कोणाच्या ओसरीवर गेलो का? या प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून मिळत नाहीत. ती समोरच्यालाच विचारावी लागतात.

म्हणून आजचा मेळावा मला मोलाचा वाटतो. बाहेर आपण कोणी साहेब आहोत, कोणी अध्यक्ष, कोणी महाराज. इथे आपण कोण आहोत ते या बाकांना माहीत आहे. कोणी कोणाची वही उतरवायचा, कोण तोंडी परीक्षेत रडला, कोणाला अजून सतराचा पाढा येत नाही, हे सगळे साक्षीदार हजर आहेत. पुढे बसलेल्या आपल्या गुरुजनांनी तर आपल्या वह्यांवर लाल शाईने लिहिलेले शेरे पालकांच्या सह्यांसकट पाहिले आहेत. त्यांच्यासमोर सिद्धपुरुष होणे कठीण आहे, आणि हेच आपले भाग्य आहे.

सर, बाई, तुम्ही तेव्हा आम्हाला तपासत होता. आम्ही मोठे झालो आणि तपासणी बंद पडली. आमचे केस पिकले म्हणून मडकी पक्की झाली असे समजू नका. आणि मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला विनंती एवढीच, की वर्षातून एकदा असे भेटत जाऊ. भेटल्यावर एकमेकांच्या पायाही पडू आणि एकमेकांच्या डोक्यावर टिचकीही मारू. ज्याला राग येईल त्याने नामदेवांची आठवण ठेवावी. चिडायला हरकत नाही, निघून जाऊ नये म्हणजे झाले.

जी सात नावे सकाळी हजर नव्हती, त्यांना वंदन करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.